आजोबांची दुनळी रायफल, .५० चे काडतूस आणि शस्त्र कायदा

किनवट तालुक्यातील एका शेतकरी वाचकांनी तीन प्रश्न एकत्र विचारले आहेत. त्यांच्या घरी निजामी अमलापासून चालत आलेली आजोबांची दुनळी रायफल आहे. परवाना सध्या वडिलांच्या नावावर असून वडिलांचे वय ७२ आहे आणि परवान्यावर बोअरच्या (नळीच्या आतल्या व्यासाच्या) रकान्यात फक्त ‘.४५०’ एवढेच लिहिलेले आहे. ही रायफल आपल्या नावावर होईल का, हा पहिला प्रश्न. तिच्या जागी .३३८ लापुआ मॅग्नम किंवा .५० बीएमजी यांसारखी लांब पल्ल्याची रायफल घेता येईल का, हा दुसरा. आजोबांच्या पेटीत निघालेल्या जुन्या काडतुसांचे काय करावे, हा तिसरा. शस्त्रविक्री आणि दुरुस्तीच्या परवान्यावर माझा व्यवसाय चालतो आणि असे प्रश्न मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतून येत असतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. थोडक्यात उत्तर असे की रायफल नावावर होऊ शकते, मात्र आधी बोअरची नोंद दुरुस्त करून घ्यावी लागेल; .३३८ आणि .५० चा विचार सोडून द्यावा. आणि काडतुसांना तूर्त हात लावू नये.

आपल्याकडे बहुतेकांचा असा समज असतो की काडतूस जितके मोठे तितका कायदा कडक. शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ वाचले तर तसे दिसत नाही. रायफलींच्या बाबतीत कायदा मुख्यतः दोनच गोष्टी विचारतो. हत्यार चालते कसे, ही पहिली: चाप दाबून धरला की गोळ्या सुटतच राहतात, असे स्वयंचलित हत्यार निषिद्ध, अर्धस्वयंचलित रायफलही सर्वसाधारण नागरिकासाठी बंदच. दुसरी गोष्ट म्हणजे त्याच्या चेंबरमध्ये, म्हणजे नळीतल्या काडतूस बसण्याच्या जागेत, लष्कराचे किंवा पोलिसांचे काडतूस बसून उडू शकते का. नियमांच्या पहिल्या अनुसूचीत .३०३ किंवा ७.६२ मिमीच्या रायफलींबरोबरच ‘त्या काडतुसांना चेंबरमध्ये घेऊन उडवू शकणारी इतर कोणत्याही बोअरची’ रायफल मर्यादित वर्गात घातली आहे, ती याच कारणाने. बोलीभाषेत आपण ज्याला पीबी (प्रोहिबिटेड बोअर) आणि एनपीबी (नॉन-प्रोहिबिटेड बोअर) म्हणतो, त्या विभागणीचे मूळ येथे आहे. सरकारी कोठारातून किंवा चौकीतून फुटलेले काडतूस खाजगी बंदुकीत चालता कामा नये, हा हेतू आहे; गोळीची ताकद मोजणे हा नव्हे.

त्यामुळे ताकदीच्या तराजूत पाहिले तर निकाल उलटेपालटे वाटतात. थ्री नॉट थ्रीचे जुने लष्करी काडतूस ११ ग्रॅमच्या आसपासची गोळी सेकंदाला सुमारे ७४० मीटर वेगाने सोडते, म्हणजे नळीच्या तोंडाशी साधारण ३,१०० ज्यूल ऊर्जा. तरीही ते नागरिकाला मिळत नाही. .३७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम हे १९१२ चे शिकारी काडतूस सुमारे १९ ग्रॅमची गोळी सोडते आणि त्याची ऊर्जा ५,५०० ज्यूलच्याही वर जाते. तरी जुन्या घराण्यांच्या परवान्यांवर ते सापडते. .३०८ विंचेस्टरमध्ये ७.६२ बाय ५१ चे लष्करी काडतूस बसते, म्हणून ती रायफल मर्यादित वर्गात; .३०-०६ ची पुंगळी, म्हणजे काडतुसाचे पितळी कवच, ६३ मिमी लांब आणि काडतूस अधिक जोरदार, पण चेंबर वेगळा, म्हणून ती परवान्यावर येऊ शकते. आपल्या भागात परवान्याची रायफल म्हटले की .३१५ चीच का दिसते, याचेही उत्तर यातच आहे. मूळच्या ८ मिमी मानलिखर काडतुसावर बेतलेली ही रायफल सरकारी काडतुसांशी जुळत नाही. तिच्या पुंगळीच्या बुडावर ‘८ एमएम केएफ’ असा ठसा असतो. त्यातील केएफ म्हणजे पुण्याजवळची खडकीची फॅक्टरी. आयुध निर्माणी मंडळाचे १ ऑक्टोबर २०२१ रोजी सात कंपन्यांत विभाजन झाल्यापासून तो कारखाना म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आहे.

बोअर पाहून बंदी घालण्याची ही रीत आपल्या देशात नवी नाही आणि तिचा आपल्या रायफलीशी थेट संबंध आहे. मार्टिनी-हेन्री या जुन्या फौजी रायफलीचे काडतूस .५७७/४५० होते. त्या रायफली बंडखोरांच्या हाती गेल्यामुळे इंग्रज सरकारने १९०७ च्या सुमारास हिंदुस्थान आणि सुदान येथे .४५० बोअरच्या रायफलींवर व काडतुसांवर बंदी घातली. वाघाच्या आणि गव्याच्या शिकारीसाठी .४५० नायट्रो एक्सप्रेस वापरणाऱ्या साहेबांची त्यामुळे पंचाईत झाली आणि लंडन-बर्मिंगहॅमच्या बंदूक कारागिरांनी कायद्याच्या अक्षराला न शिवणारी नवी काडतुसे काढली: .४६५, .४७०, .४७५ आणि .४७६. ताकदीत ती .४५० च्या तोडीसतोड होती. फक्त आकडा वेगळा. पुढे आफ्रिकेत नावाजलेले .४७० नायट्रो एक्सप्रेस हे हिंदुस्थानातील एका बंदीचे अपत्य आहे, हे आपल्याकडे फारसे कोणाला माहीत नसते.

आता आपली रायफल. या जुन्या कागदांची मला सवय आहे आणि .४५० वर बंदी होती हे माहीत असल्याने ‘.४५०’ ही नोंद वाचताच शंका आली, आणि आपण पाठवलेल्या नळीच्या छायाचित्रात ‘.४५०/४००’ हे अक्षरही ओळखू येते. या नावातला पहिला आकडा पुंगळीच्या मूळ घराण्याचा असतो आणि दुसरा तिची मान आवळून बसवलेल्या गोळीचा. म्हणजे .४५० ची पुंगळी आणि सुमारे १०.४ मिमी व्यासाची, बहुधा ४०० ग्रेनची, म्हणजे २६ ग्रॅमची गोळी. हे काडतूस .४५० बोअरचे नाही. नूतनीकरणाच्या वेळी कोण्या लिपिकाने तिरप्या रेघेच्या अलीकडचाच आकडा उतरवला आणि पुढच्या प्रत्येक नोंदीत तीच चूक वाहत आली. असे परवाने मी बरेच पाहिले आहेत. एका गृहस्थांचे प्रकरण तर नोंद आणि हत्यार जुळत नाही म्हणून अनेक महिने टेबलावरच पडून राहिले होते. तेव्हा हस्तांतराचा अर्ज करण्याआधी वडिलांच्या नावे बोअर-दुरुस्तीचा अर्ज परवाना प्राधिकाऱ्यांकडे, म्हणजे नांदेडच्या जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे, द्यावा आणि पोलीस मुख्यालयातील आर्मररकडून (शस्त्रे तपासणाऱ्या कारागिराकडून) तपासणी करून घेऊन तिचा अहवाल सोबत जोडावा.

तपासणीत केवळ आकडा पाहून भागत नाही. .४५०/४०० या एकाच नावाखाली तीन इंची आणि सव्वातीन इंची अशा दोन लांबीच्या पुंगळ्या चालत असत, त्या एकमेकींच्या जागी चालत नाहीत आणि गोळीच्या व्यासातही किंचित फरक आहे. सव्वातीन इंची घराणे मुळात काळ्या दारूच्या काळातले. त्या काळातल्या नळीत धूरविरहित दारूचे काडतूस घातले तर नळी फुटण्याचा धोका खरा आहे. रायफल मोडून, म्हणजे बिजागरीवर उघडून, नळ्यांच्या खालच्या सपाट बाजूवर भिंग धरावे. लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाचे बारीक ठसे तेथे असतात. ‘नायट्रो प्रूफ’ असे कोरलेले असेल आणि पुढे कॉर्डाइट (जुनी धूरविरहित दारू) किती ग्रेन व गोळी किती ग्रेनची हे आकडे असतील, तर रायफल धूरविरहित दारूसाठी तपासलेली आहे असे समजावे. ठसे झिजले असतील तर चेंबरचा साचा काढून मोजमाप घ्यावे लागते. ते काम परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावे. दुरुस्ती आणि चाचणी हीसुद्धा कायद्याने परवान्याखालची कामे आहेत.

नोंद दुरुस्त झाली की हस्तांतराची वाट तशी सरळ आहे. शस्त्र नियम, २०१६ मधील नियम २५ प्रमाणे परवानाधारकाच्या मृत्यूनंतर तर वारसाला परवाना मिळू शकतोच. पण परवानाधारकाचे वय ७० झाले असेल किंवा त्याने ते हत्यार २५ वर्षे बाळगले असेल, तर त्याच्या हयातीतही मिळू शकतो. वडील ७२ वर्षांचे आहेत, म्हणजे आजच अर्ज करता येईल, आणि माझा आग्रह आहे की तो आजच करावा. वडिलांच्या पश्चात भावंडांची संमतिपत्रे गोळा करता करता हत्यार ठाण्यात पडून गंजते, हे मी बऱ्याच घरांत पाहिले आहे. इतर वारसांचे ना-हरकत प्रतिज्ञापत्र, वैद्यकीय प्रमाणपत्र, हत्यार सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आणि पोलीस पडताळणी हे नेहमीचे कागद लागतील. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडे तीनऐवजी दोनच हत्यारे राहू शकतात आणि वारशाची रायफलही त्या दोनांत धरली जाते. आपल्या नावावर आधीच बारा बोअर आणि रिव्हॉल्व्हर असेल, तर त्यांपैकी एक आधी सोडावे लागेल.

आता लांब पल्ल्याकडे वळू. येथे एक गल्लत दूर करतो. मोठा बोअर आणि लांब पल्ला या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आपली दुनळी मोठ्या बोअरची आहे, पण तिच्या दोन्ही नळ्या साधारण ५० ते १०० यार्डांवर गोळ्या एकत्र पडाव्यात अशा जुळवलेल्या असतात. गोळी जड, बोथट आणि मंद. लांब पल्ल्यासाठी गोळी लांबट, टोकदार आणि हवा कापणारी हवी. ध्वनीच्या वेगाच्या खाली उतरताना गोळी डळमळू लागते, म्हणून तो क्षण जितका पुढे ढकलता येईल तितका पल्ला वाढतो. ७.६२ बाय ५१ च्या नेहमीच्या गोळीचा तो क्षण ८००-९०० मीटरच्या आसपास येतो; .३३८ लापुआचा हजार मीटर बरेच मागे टाकल्यावर. आपल्याकडच्या मे महिन्यात, पारा ४३ अंशांवर असताना, हवा विरळ होते आणि ध्वनीचा वेगही सेकंदाला सुमारे ३५६ मीटरपर्यंत चढतो. सरावाचे तक्ते थंड हवेत केलेले असतील तर ते अशा हवेत जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

.३३८ लापुआ मॅग्नमचे काम १९८० च्या दशकात अमेरिकेत सुरू झाले आणि फिनलंडच्या लापुआ कंपनीने ते तडीस नेले. पुंगळी ७० मिमीची, गोळी साधारण १६ ग्रॅमची, वेग सेकंदाला सुमारे ९०० मीटर, ऊर्जा सुमारे ६,५०० ज्यूल. मुळापासूनच ते दूरवरच्या नेमबाज सैनिकासाठी बेतलेले काडतूस आहे. .५० बीएमजी हे त्याहून फार मोठे आणि फार जुने. जॉन ब्राउनिंगच्या मशीनगनसाठी पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस ते घडले. पुंगळी ९९ मिमीची, अख्खे काडतूस जवळपास १३८ मिमी, म्हणजे तळहातावर ठेवले तर बोटांपर्यंत जाईल. गोळी ४२ ग्रॅमच्या पुढची आणि ऊर्जा १५,००० ज्यूलच्याही वर. खांद्यावरून उडवण्याजोगी .५० ची रायफल रॉनी बॅरेट या अमेरिकन माणसाने १९८२ मध्ये बनवली. उभी वाहने, रडार, इंधनाच्या टाक्या निकामी करणे हे तिचे काम. नेम चुकला किंवा वर गेला, तर अशी गोळी साडेसहा किलोमीटरपलीकडे जाऊन पडू शकते. किनवटच्या डोंगराळ भागातही तेवढ्या अंतरात दोन-तीन गावांची शिवारे येतात, हे रानडुकरांसाठी मोठी रायफल हवी म्हणणाऱ्यांनी नकाशावर मोजून पाहावे.

भारतीय लष्कराने २०१९ मध्ये नियंत्रण रेषेसाठी घेतलेल्या रायफलींत .३३८ ची बेरेटा स्कॉर्पिओ टीजीटी आणि .५० ची बॅरेट एम९५ होती. तिरुचिरापल्लीच्या आयुध निर्माणीने ‘विध्वंसक’ ही रायफल काढली, ती १२.७ पासून २० मिमीपर्यंतच्या काडतुसांसाठी. नागरिकाच्या बाजूने पाहिले तर कायद्यातील ‘निषिद्ध शस्त्रे’ या व्याख्येतच तोफा, विमानविरोधी आणि रणगाडाविरोधी हत्यारे नावानिशी आहेत, आणि केंद्र सरकार अधिसूचनेने आणखी भर घालू शकते. .५० ची रायफल ही रणगाडाविरोधी रायफलींच्याच वंशातली असून तिचे काडतूस आज फौजेत चालू आहे. अनुसूचीत तिचा आकडा कोठे लिहिला आहे का, यावर काथ्याकूट करण्यात काही अर्थ नाही. माझ्या मते तिच्यासाठी अर्ज करणेही शहाणपणाचे नाही. निषिद्ध हत्यार विनापरवाना बाळगल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात आणि कमाल चौदा वर्षे कैद आहे.

.३३८ चे प्रकरण जरा वेगळे. एकेक गोळी भरून बोल्टने चालणारी .३३८ ची रायफल .३०३ किंवा ७.६२ चे काडतूस घेत नाही, त्यामुळे वर सांगितलेल्या कसोटीत ती अडकत नाही, असा युक्तिवाद करणारे मला नेहमी भेटतात. युक्तिवाद चूक नाही, निरुपयोगी आहे. सर्वसामान्य नागरिकाला विदेशी हत्यार आयात करण्याची वाट १९८० च्या दशकाच्या मध्यापासून बंद आहे. अपवाद मुख्यतः नामांकित नेमबाजांचा. ते नेमबाज तरी .३३८ घेऊन करणार काय? आंतरराष्ट्रीय स्पर्धांतील ३०० मीटर रायफल प्रकारात बोअरची मर्यादा ८ मिमी आहे आणि .३३८ ची गोळी ८.६ मिमीची. खेळाचे कारण तेथेच संपते. पीकसंरक्षणाचे कारण पुढे करावे, तर कायद्यातील कलम १३ त्यासाठी ठासणीच्या बंदुकीकडे बोट दाखवते. राहिले स्वसंरक्षण, हजार मीटरवरच्या माणसापासून स्वसंरक्षण कसे करायचे, हे कोणत्याही जिल्हादंडाधिकाऱ्याला पटवून देता येणार नाही.

परदेशात हीच काडतुसे निराळ्या मापांनी तोलली जातात आणि त्यातली फसगत पाहण्यासारखी आहे. अमेरिकेच्या संघीय कायद्यात नळीचा बोअर अर्ध्या इंचाहून जास्त असेल, तर शिकारी उपयोगाचा अपवाद वगळता, ते हत्यार ‘विध्वंसक साधन’ ठरते. .५० बीएमजीची गोळी .५१० इंच व्यासाची असली तरी बोअर नळीतल्या चऱ्यांच्या उंचवट्यांवर मोजतात आणि तो नेमका .५०० भरतो, म्हणून ते काठावरच सुटते. कॅलिफोर्निया राज्याने मात्र १ जानेवारी २००५ पासून .५० बीएमजीच्या रायफलींवर बंदी लागू केली आणि काडतुसाची मापे कायद्यातच लिहून टाकली. लगेच त्या मापांत न बसणारे .५१० डीटीसी पुढे आले आणि .५० चीच पुंगळी आखूड करून तिची मान आवळलेले .४१६ बॅरेटही. १९०७ मध्ये लंडनच्या कारागिरांनी जे केले, तेच हे. कॅनडाने १ मे २०२० रोजी आकड्यांचा नाद सोडून ऊर्जेची रेघ ओढली: १०,००० ज्यूलच्या वर गेलेली रायफल बंद, आणि २० मिमी वा त्याहून मोठ्या बोअरचीही बंद. ब्रिटनमध्ये १३,६०० ज्यूलची मर्यादा विधेयकात होती, पण ते मंजूर होण्यापूर्वी ती काढून घेण्यात आली. मला कॅनडाची रीत सर्वांत प्रामाणिक वाटते, कारण तीत नाव किंवा आकडा बदलून निसटता येत नाही. आपल्या नियमांत ज्यूलचा हिशेब येतो तो हवाई बंदुकीपाशी: २० ज्यूलच्या आत आणि ४.५ मिमीपर्यंत असेल तर परवाना नको, त्यापुढे हवा.

राहिली आजोबांची काडतुसे. कायद्याच्या दृष्टीने काडतूस हे हत्याराइतकेच गंभीर आहे. परवान्यात न बसणारे जिवंत काडतूस बाळगल्यास दोन ते पाच वर्षांची शिक्षा होऊ शकते. बाळगणे जाणीवपूर्वक होते का हे न्यायालये पाहतात, पण पेटी उघडून आपण ती मोजलीत आणि त्यांचे छायाचित्र मला पाठवलेत, तेव्हा अजाणतेपणाचा बचाव आता उरलेला नाही. परवान्यावर काडतुसांची संख्या आणि प्रकार लिहिलेला असतो. तो वडिलांनी ताबडतोब ताडून पाहावा. जी त्यात बसत नाहीत, ती कलम २१ प्रमाणे जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावीत आणि पावती घ्यावी. छायाचित्रातील दोन काडतुसे मला .३०३ ची वाटतात: बुडाशी कड आहे आणि पुंगळी आपल्या काडतुसाहून स्पष्टपणे आखूड आहे. ती कोणत्याही नागरी परवान्यात बसणार नाहीत. पितळेवर हिरवा थर चढला आहे. काडतुसाच्या बुडातल्या जुन्या टोपीतले स्फोटक आणि सत्तर वर्षांचे कॉर्डाइट यांचा भरवसा नसतो; घासू नका, मोकळी करून आतली दारू पाहू नका, एसटीच्या पिशवीतून नांदेडला आणू नका. ठाण्यात आधी कळवावे आणि पंचनामा करून तेथूनच ती उचलली जाऊ द्यावीत. नवी काडतुसे घरी भरून घ्यावीत हा सल्ला कोणी दिला असेल तर तो ऐकू नये. वैयक्तिक परवान्यात काडतूस बनवण्याचा अधिकार येत नाही. .४५०/४०० ची काडतुसे भारतात बनत नाहीत आणि जुना साठाही फारसा कोठे उरलेला नाही, त्यामुळे ही रायफल यापुढे बहुतांशी जपून ठेवण्याचीच वस्तू राहील.

एक गोष्ट आपण विचारलेली नाही, पण पत्ता वाचून लिहावी लागते. आपले गाव पैनगंगा अभयारण्याच्या हद्दीपासून दहा किलोमीटरच्या आत असेल, तर वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम ३४ प्रमाणे शस्त्रधारकाची वन विभागाकडे वेगळी नोंद लागते आणि त्या पट्ट्यात नवा परवाना देण्यापूर्वी मुख्य वन्यजीव रक्षकांची संमती घ्यावी लागते. गौताळा, येडशी आणि नायगावच्या मयूर अभयारण्याभोवतीच्या गावांनाही हेच लागू आहे. वडिलांची नोंद पूर्वी झाली आहे का, हे वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून तिची प्रत हस्तांतराच्या अर्जाला जोडावी. ती नसली तर प्रस्ताव त्याच टप्प्यावरून परत येतो.